दूर असलेला व्हर्च्युअलायझेशन सर्व्हर फायरवॉलमागून सुरक्षितपणे सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेजवळच्या एका शैक्षणिक संस्थेचा सर्व्हर मी पुण्यातून सांभाळतो. एकाच मशीनवर (त्याला होस्ट म्हणतात) अकरा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक (व्हीएम), चालतात: फी, हजेरी, ग्रंथालय, फाइल सर्व्हर, परीक्षेचं सॉफ्टवेअर. असंच काम करणारे ओळखीचे लोक फोन करून साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. उदाहरणं प्रॉक्समॉक्स व्हीई या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण मी रोज तेच वापरतो. ईएसएक्सआय किंवा हायपर-व्ही ही तशीच दुसरी सॉफ्टवेअर जिथे वेगळी पडतात, तिथे तसं सांगितलं आहे.

राउटरवर ८००६ पोर्ट, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या व्यवस्थापनाच्या वेब पानाचा पोर्ट, फॉरवर्ड केला तर काय बिघडतं? पासवर्ड तर चांगला वीस अक्षरी आहे.

पासवर्ड लॉगिनच्या दाराला कुलूप लावतो. सॉफ्टवेअरमधली चूक लॉगिनच्या आधीच्या टप्प्यात असेल, तर हल्लेखोराला त्या दारापाशी यावंच लागत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय सर्व्हरांवर रॅन्समवेअरची मोठी लाट आली. तिला पुढे ईएसएक्सआयआर्ग्स हे नाव पडलं. फ्रान्सच्या सर्ट-एफआर या सायबर सुरक्षा यंत्रणेने ३ फेब्रुवारीला पहिला इशारा दिला. हल्ल्यासाठी जी चूक वापरल्याचं सांगितलं गेलं ती ओपनएसएलपी या सेवेत होती, ती ४२७ पोर्टवर ऐकते, आणि तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होता. म्हणजे दोन वर्षं पॅच न लावलेले आणि इंटरनेटवर उघडे असलेले सर्व्हर सापडले. त्यांच्या मालकांचे पासवर्ड किती लांब होते याचा त्यात काही संबंध आला नाही.

व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरचं नुकसान साध्या सर्व्हरपेक्षा वेगळं असतं. एक व्हीएम पडली तर एक काम थांबतं. होस्ट दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्याला आतल्या विंडोजचा किंवा डेटाबेसचा पासवर्ड शोधत बसावं लागत नाही. तो सरळ डिस्कच्या फाइली एन्क्रिप्ट करतो आणि अकराच्या अकरा मशीन एका रात्रीत जातात. म्हणून माझा नियम एकच आहे: होस्टच्या व्यवस्थापनाचं पान इंटरनेटवरून दिसताच कामा नये. दिसून मग अडवलं जाणं वेगळं आणि मुळात न दिसणं वेगळं.

८००६ ऐवजी बाहेरून भलताच पोर्ट ठेवला तर?

लॉगमधला कचरा कमी होईल, बाकी काही नाही. इंटरनेट दिवसरात्र स्कॅन करणाऱ्या यंत्रणा सगळे पोर्ट पाहतात आणि पानाच्या उत्तरावरून ते प्रॉक्समॉक्स आहे हे लगेच ओळखतात.

मग आत जायला वाट कोणती ठेवायची?

माझं उत्तर वायरगार्ड. हा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून आतल्या नेटवर्कमध्ये जाणारी एन्क्रिप्ट केलेली वाट, मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ५.६ पासून कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१८२०. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, ओळखीच्या कीने (डिजिटल किल्लीने) सही न केलेल्या पाकिटाला तो उत्तरच देत नाही. बाहेरून स्कॅन करणाऱ्याला तिथे काही चालू आहे की नाही हेसुद्धा कळत नाही.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा.

प्रत्येक उपकरणाला वेगळी की द्या. लॅपटॉपला एक, फोनला एक. फोन हरवला तर तेवढीच नोंद काढून टाकता येते. एकच की सगळीकडे कॉपी केली असेल, तर एक फोन हरवल्यावर सगळीच व्यवस्था नव्याने करावी लागते.

टनेलमधून फक्त व्यवस्थापनाचे पत्ते जाऊ द्या. सगळं ब्राउझिंग संस्थेच्या लाइनवरून फिरवायचं कारण नाही.

आणि पत्त्यांची रेंज विचारपूर्वक निवडा. घरच्या राउटरची रेंज १९२.१६८.१ आणि ऑफिसचीही १९२.१६८.१, असं हमखास असतं. मग व्हीपीएन जोडलेला दिसतो, पण सर्व्हर सापडत नाही, कारण लॅपटॉप त्याला घरातच शोधत बसतो. व्यवस्थापनासाठी १०.७३.२० सारखी सहसा कोणी न वापरलेली रेंज घेतली की हा गोंधळ उद्भवत नाही.

व्हीपीएन जोडला जातो, पिंगही मिळतं, पण पान अर्धवट उघडतं किंवा कन्सोल (व्हीएमची स्क्रीन) अडकतो. का?

बहुतेक वेळा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२०. ब्रॉडबँड पीपीपीओईवर (नाव-पासवर्डने जोडणाऱ्या पद्धतीवर) असेल तर लाइनचाच एमटीयू १५०० ऐवजी १४९२ असतो, आणि मोठी पाकिटं वाटेत गळू शकतात. छोटं पिंग सुटतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. दोन्ही टोकांना १३८० करून पाहा. तरीही अडलं तर १२८०.

व्हीपीएन कुठे बसवायचा? मी त्याच होस्टवर एक छोटी व्हीएम करून त्यात बसवणार होतो.

कृपा करून असं करू नका. या प्रश्नासाठी मी अर्धा तासही फोनवर बोलतो, कारण ही चूक करताना ती चूक वाटत नाही. उलट फार नीटनेटकी रचना वाटते.

व्हीएममध्ये व्हीपीएन म्हणजे घराची किल्ली घराच्या आत ठेवण्यासारखं आहे. होस्ट रीस्टार्ट झाला, स्टोरेज माउंट झालं नाही, व्हीएम आपोआप सुरू झाल्या नाहीत, की आत जायची वाटही त्यांच्याबरोबर बंद पडते. आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्हाला आत जायचं असतं. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हा फायरवॉलच त्या होस्टवर व्हीएम म्हणून चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. घरच्या प्रयोगशाळेत हे चालतं, कारण मॉनिटर पलीकडच्या टेबलावर असतो. अडीचशे किलोमीटरवरून चालत नाही.

पहिली पसंती राउटर किंवा स्वतंत्र फायरवॉल. आजच्या बऱ्याच राउटरांमध्ये वायरगार्ड असतो. राउटर जुना असेल तर रास्पबेरी पायसारखं छोटं वेगळं मशीन घ्या आणि तेही यूपीएसवर जोडा. हे विसरलं जातं: सर्व्हर यूपीएसवर चालू, आणि राउटर भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. वीज गेली की सर्व्हर जिवंत, पण वाट मेलेली. तिसरा पर्याय होस्टवरच थेट वायरगार्ड बसवण्याचा. तो व्हीएमपेक्षा निश्चित बरा, कारण होस्ट उठला की तोही उठतो.

नुसतं एसएसएच टनेल पुरणार नाही का?

पुरतं, आणि छोट्या कामाला मला ते आवडतं. एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवर एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने लॉगिन करण्याची सोय. एसएसएचच्या कॅपिटल एल या पर्यायाने आपल्या लॅपटॉपचा ८००६ पोर्ट होस्टच्या ८००६ला जोडायचा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडायचं. प्रॉक्समॉक्सचा ब्राउझरमधला कन्सोलही त्याच ८००६मधून येतो, त्यामुळे एका पोर्टवर भागतं. स्पाइस हा वेगळा कन्सोल वापरत असाल तर ३१२८ही टनेलमध्ये घ्यावा लागतो.

अट अशी की पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद हवं, फक्त की चालली पाहिजे. शक्य असेल तर हार्डवेअर की वापरा, ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, तिची सोय आहे. आणि एसएसएचसुद्धा जगासमोर उघडं ठेवण्यापेक्षा व्हीपीएनच्या आत ठेवावं, या मताला मी जुलै २०२४ मध्ये पक्का आलो. त्या महिन्यात ओपनएसएसएचमध्येच लॉगिनच्या आधी घुसता येईल अशी चूक उघड झाली. रेग्रेएसएसएच हे तिचं नाव. इतक्या काळजीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक राहू शकते, तर आपण एकाच भिंतीवर भिस्त का ठेवावी?

मधल्या मशीनवरून उडी मारून पुढे जायचं असेल तर एसएसएचचा प्रॉक्सीजंप हा पर्याय वापरा. एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे मधल्या मशीनला आपली की वापरू देणं, चालू ठेवलं तर तिथे रूट (सर्व हक्कांचं खातं) असलेला कोणीही तुमच्या कीने पुढे लॉगिन करू शकतो. प्रॉक्सीजंपमध्ये की तुमच्या लॅपटॉपवरच राहते.

आमच्याकडे स्टॅटिक आयपी नाही. बाहेरून काही जोडलंच जात नाही.

आधी राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आपल्याकडच्या फायबर आणि मोबाइल जोडण्यांवर हे सर्रास दिसतं. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरचं पाकीट तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घेणं हा सरळ मार्ग. तो मिळत नसेल तर दिशा उलटी करा. भाड्याने एक छोटा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा व्हर्च्युअल सर्व्हर, घ्यायचा, संस्थेच्या बाजूच्या मशीनने वायरगार्डने स्वतःहून त्याला जोडून राहायचं, आणि आपणही घरून त्यालाच जोडायचं. संस्थेच्या बाजूला दर २५ सेकंदांनी जागं राहण्याचं पाकीट पाठवायची सेटिंग ठेवा. ती नसेल तर मधला नॅट (अनेक मशीन एका पत्त्यामागे ठेवणारी यंत्रणा) थोड्या वेळाने ती वाट विसरतो आणि जोडणी गप्प पडते.

इथे एक बारकावा आहे. अशा रचनेत व्हीपीएसवर पाकिटं उघडली जातात आणि पुन्हा बांधली जातात. व्हीपीएस कोणाच्या हाती लागला तर तो तुमच्या होस्टच्या दारापर्यंत आलाच. म्हणून व्हीपीएसला विश्वासू मानू नका. होस्टवर दुहेरी पडताळणी ठेवा, सर्टिफिकेटची सूचना डोळे मिटून स्वीकारू नका. त्याहून चांगलं म्हणजे व्हीपीएसने वायरगार्डचा बाहेरचा यूडीपी प्रवाह न उघडता तसाच पुढे ढकलायचा. मग एन्क्रिप्शन तुमच्या लॅपटॉपपासून संस्थेपर्यंत अखंड राहतं.

टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेल वापरू का?

टेलस्केल ही उपकरणं आपोआप जोडून देणारी व्हीपीएन सेवा वापरायला हरकत नाही. आत वायरगार्डच आहे, खाजगी की तुमच्या उपकरणातच राहते आणि सीजीनॅटची कटकट ते स्वतः सोडवतं. मात्र कोणतं उपकरण जाळ्यात यावं हे तुमच्या गूगल किंवा तत्सम खात्यावर ठरतं. म्हणजे ते ईमेल खातंच सर्व्हरची किल्ली झालं. त्यावर दुहेरी पडताळणी नसेल तर आधी ती लावा. ज्यांना ते नियंत्रण स्वतःकडेच हवं त्यांनी हेडस्केल, म्हणजे टेलस्केलचा नियंत्रण सर्व्हर स्वतः चालवण्याचा पर्याय, पाहावा. आणखी एक: टेलस्केलही तोच १००.६४चा पट्टा वापरतं, तेव्हा सीजीनॅटच्या लाइनवर पत्ते वाचताना घोळ होऊ देऊ नका.

क्लाउडफ्लेअर टनेलमध्ये टीएलएस, म्हणजे ब्राउझरचं एन्क्रिप्शन, त्या कंपनीकडे उघडलं जातं, हे माहीत असू द्या. आणि त्यावर कोणाला प्रवेश आहे याचं धोरण लावलं नाही, तर तुम्ही व्यवस्थापनाचं पान एका छान नावाने जगासमोर मांडलं एवढंच झालं.

ऑफिसातल्या एका पीसीवर एनीडेस्क ठेवलंय. तेवढ्यात काम होतं की!

होतं, आणि अडीअडचणीला मीही केलं आहे. पण तो पीसी रात्रंदिवस चालू लागतो, त्याच्यावर ब्राउझरमध्ये रूटचं लॉगिन उघडं राहतं, आणि टेबलाशी बसलेल्या कोणालाही स्क्रीन दिसते. संध्याकाळी शिपाईमामांनी शिस्तीत सगळे पीसी बंद केले की तुमची वाट गेली, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. रोजच्या व्यवस्थापनाला हा मार्ग ठेवू नका.

आयपीव्ही४वर सगळं बंद केलंय. आता निर्धास्त ना?

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) पाहिलंत का? नॅटमुळे आपल्याला सवय लागली आहे की आतलं मशीन बाहेरून दिसत नाही. आयपीव्ही६मध्ये नॅटचा तो योगायोगाचा आडोसा नसतो. कंपनीने आयपीव्ही६ दिलं आणि होस्टने आपोआप पत्ता घेतला, तर तो पत्ता जगभरातून गाठता येण्यासारखा असतो. प्रॉक्समॉक्सचं वेब पान आयपीव्ही६वरही ऐकतं. राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल बंद असेल, तर पुढच्या दाराला तीन कुलपं लावून मागचं दार सताड उघडं असं होतं.

होस्टवर पत्त्यांची यादी काढा. दोन किंवा तीनने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता दिसला तर बाहेरून, म्हणजे फोनच्या डेटावरून, त्या पत्त्याला ८००६ लावून पाहा. पान उघडलं तर आजच राउटरवर आत येणारं आयपीव्ही६ बंद करा.

फायरवॉल बदलताना मी स्वतःच बाहेर अडकलो तर?

मी अडकलो आहे. प्रॉक्समॉक्सचा डेटासेंटर पातळीवरचा फायरवॉल मुळात बंद असतो. तो चालू केला की आत येणारं सगळं अडवलं जातं. होस्टच्या स्थानिक नेटवर्कला मात्र ८००६ आणि २२ आपोआप मोकळे राहतात. हे मी वाचलं होतं. लक्षात आलं नव्हतं ते एवढंच की मी वायरगार्डच्या रेंजमधून येत होतो, आणि ती होस्टच्या दृष्टीने स्थानिक नव्हती.

बटण दाबल्यावर उघडी असलेली एसएसएच खिडकी चालूच राहिली, कारण आधी जुळलेली जोडणी फायरवॉल तोडत नाही. मला वाटलं जमलं. खिडकी बंद केली, जेवलो, पुन्हा लॉगिन करायला गेलो तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फी भरण्याची शेवटची तारीख होती आणि एका व्हीएमची दुरुस्ती अर्धवट होती. रात्रीची एसटी पकडून मिरज गाठली, पहाटे वॉचमनकाकांनी गेट उघडलं, आणि सर्व्हरला कीबोर्ड लावून एका ओळीत काम संपलं. तेव्हापासून हे तीन नियम मी मोडलेले नाहीत.

फायरवॉल चालू करण्याआधी "मॅनेजमेंट" नावाचा आयपी संच करून त्यात व्हीपीएनची रेंज टाकायची. या नावाला प्रॉक्समॉक्समध्ये खास अर्थ आहे; त्यातल्या पत्त्यांना व्यवस्थापनाचे पोर्ट खुले राहतात.

बदल करण्याआधी उलट फिरण्याची वेळ लावायची. सिस्टमडी-रन किंवा ॲट या ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या आज्ञा वापरून "दहा मिनिटांनी फायरवॉल बंद कर" असं काम लावून ठेवायचं आणि मगच बदल करायचा. सगळं नीट चाललं तर ते काम रद्द करायचं. नेटवर्कच्या सेटिंगलाही हेच: जुन्या फाइलची प्रत ठेवायची, आणि दहा मिनिटांनी ती परत जागेवर ठेवून नेटवर्क पुन्हा लोड होईल असं काम लावायचं.

तपासणी नेहमी नव्या जोडणीने करायची. जुनी खिडकी बंद न करता दुसरी उघडायची. जुनी चालू आहे याचा अर्थ काहीच होत नाही.

सर्व्हर हँग झाला तर काय? आयपीएमआय बाहेरून उघडावं का?

आयपीएमआय, आयड्रॅक, आयएलओ ही सर्व्हरच्या आत बसलेली वेगळी छोटी संगणकं आहेत. मशीन बंद असलं तरी ती जागी असतात, स्क्रीन दाखवतात, वीज चालू-बंद करतात. दूरच्या सर्व्हरला यासारखा आधार नाही. पण ती इंटरनेटवर कधीही, एक दिवससुद्धा, उघडू नका. आयपीएमआय २.० च्या रचनेतच अशी त्रुटी आहे की लॉगिन न करता पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) मागून घेता येतो आणि तो निवांत घरी बसून फोडता येतो. ही २०१३ पासून माहीत असलेली गोष्ट आहे आणि पॅचने जाणारी नाही, कारण ती प्रोटोकॉलचाच भाग आहे. पोर्ट यूडीपी ६२३.

काही मदरबोर्डांवर एक फसवी सोय असते. आयपीएमआयच्या स्वतंत्र पोर्टला केबल नसेल तर ते आपोआप पहिल्या साध्या नेटवर्क पोर्टवर सरकतं. तुम्हाला वाटतं केबल काढली म्हणजे बंद झालं; प्रत्यक्षात ते तुमच्या लॅनवर, कारखान्यातल्या पासवर्डसह बसलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन त्याला स्वतंत्र पोर्टवर बांधा, पासवर्ड बदला, आणि ते जाळं फक्त व्हीपीएनमधूनच पोहोचेल असं ठेवा.

बाहेरून बंद आहे. आतल्या व्हीएमपासून धोका आहे का?

आहे, आणि तो कोणी मोजत नाही. प्रॉक्समॉक्स बसवल्यावर होस्टचा पत्ता आणि व्हीएम एकाच ब्रिजवर (सॉफ्टवेअरमधल्या स्विचवर) असतात. म्हणजे ग्रंथालयाच्या जुन्या व्हीएममध्ये कोणी शिरलं, तर त्याला होस्टचं ८००६ समोरच दिसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक पीसीलाही दिसतं. व्यवस्थापनाला वेगळं व्हीलॅन (त्याच केबलवरचं वेगळं नेटवर्क) किंवा सरळ वेगळं नेटवर्क कार्ड द्या आणि तिथे फक्त व्हीपीएनला जाऊ द्या. मी हे करायला दोन वर्षं लावली. करायला एक दुपार लागली.

रूटनेच लॉगिन करतो. वेगळी खाती कशाला?

कोणी काय केलं ते लॉगमध्ये दिसावं म्हणून, आणि एकाला काढताना सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागू नये म्हणून. प्रयोगशाळेच्या सरांना फक्त त्यांच्या दोन व्हीएम चालू-बंद करायच्या असतील, तर तेवढ्यांवरच व्हीएम वापरकर्त्याची भूमिका द्या. स्क्रिप्टला पासवर्ड देऊ नका, मर्यादित हक्कांचं एपीआय टोकन (प्रोग्रॅमसाठीची वेगळी किल्ली) द्या.

दुहेरी पडताळणी सगळ्यांना सक्तीची. प्रॉक्समॉक्समध्ये टीओटीपी (ॲपमधला बदलता कोड) आणि वेबऑथन (हार्डवेअर कीसारखी पडताळणी) दोन्ही चालतं. टीओटीपीचा कोड घड्याळावर चालतो, त्यामुळे होस्टचं घड्याळ सरकलं तर बरोबर कोडही नाकारला जातो. रिकव्हरी की छापून कागदावर ठेवा.

ब्राउझर सर्टिफिकेटची लाल सूचना दाखवतो. व्हीपीएनच्या आत दुर्लक्ष करू का?

एकदा दुर्लक्षाची सवय लागली की खरा घोळ झाला तरी बोट तिथेच जातं. प्रॉक्समॉक्सचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट लॅपटॉपमध्ये विश्वासू म्हणून घाला. किंवा लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं घ्या. डीएनएसवरून पडताळणी केली तर त्यासाठी एकही पोर्ट उघडावा लागत नाही.

अपडेट दुरून करावेत का?

करावेतच; न केल्याचं फळ ईएसएक्सआयआर्ग्समध्ये दिसलं. पण कर्नल बदलल्यावर कधी कधी नेटवर्क कार्डाचं नावच बदलतं, ब्रिजला ते सापडत नाही आणि होस्ट जाळ्याबाहेर पडतो. कार्डाचं नाव त्याच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, बांधून टाका. रीस्टार्ट करताना आयपीएमआयचा कन्सोल दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा, आणि संस्थेत कोणीतरी हजर असेल अशी वेळ निवडा. मी शनिवारी सकाळी करतो. रविवारी कधीच नाही.

बायोसमध्ये "वीज परत आल्यावर चालू हो" ही सेटिंगही याच वेळी पाहून घ्या.

ईएसएक्सआय आणि हायपर-व्हीला यातलं काय बदलतं?

विचार तोच, पोर्ट वेगळे. ईएसएक्सआयला ४४३, आणि रिमोट कन्सोलच्या काही क्लायंटना ९०२. जुन्या आवृत्तीवर एसएलपी सेवा बंद केली आहे ना ते पाहा. हायपर-व्हीला विनआरएमचे (विंडोजच्या दूरच्या व्यवस्थापनाचे) ५९८५ आणि ५९८६, व्हीएमच्या कन्सोलला २१७९. लिनक्सवर व्हीएम चालवायला लिबव्हर्ट वापरणाऱ्यांनी १६५०९ वर एन्क्रिप्शनशिवाय ऐकवू नये. एसएसएचमधून जोडण्याची सोय त्यात आहेच. यातला एकही पोर्ट इंटरनेटला दाखवायचा नाही.

बॅकअपचा दूरच्या व्यवस्थापनाशी काय संबंध?

होस्टवर आलेल्या माणसाला बॅकअपही पुसता आला, तर बॅकअप नव्हताच. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर ठेवा. होस्टला फक्त बॅकअप लिहिण्याची आणि परत घेण्याची भूमिका द्या, छाटण्याची, म्हणजे जुने बॅकअप पुसण्याची, नको. छाटणी बॅकअप सर्व्हरने स्वतः करावी. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणच्या मशीनने ओढून घ्यावी, म्हणजे त्या मशीनचा पासवर्ड होस्टवर कुठेच नसतो.

घुसखोरी झालीच तर कोणाला कळवायचं?

आधी संस्थेच्या व्यवस्थापनाला, मग सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला. २८ एप्रिल २०२२च्या त्यांच्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. यासाठी लॉग होस्टवरच ठेवू नका, दुसऱ्या मशीनला पाठवा. घुसणारा पहिलं काम लॉग पुसण्याचंच करतो.

आमच्या संस्थेचा आयटी विभाग पोर्ट उघडत नाही. आतून बाहेर टनेल काढला तर त्यांना कळणारही नाही.

तंत्र म्हणून जमेल. तरी करू नका. त्या फायरवॉलची जबाबदारी दुसऱ्या कोणाची आहे, आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे भिंतीला भोक पाडता आहात. उद्या त्यातून काही घडलं तर त्यालाही कळणार नाही पाणी कुठून आलं. कोणत्या मशीनवरून, कोणत्या पत्त्याला, कोणता पोर्ट, आणि कोण वापरणार, एवढं अर्ध्या पानावर लिहून परवानगी मागा. "रिमोट ॲक्सेस हवा" अशा मोघम अर्जाला नकार मिळतो. "एक यूडीपी पोर्ट, दोन माणसं, दोन की" या अर्जाला मला दोनदा होकार मिळाला आहे.

परदेशात असताना हॉटेलच्या वायफायवर वायरगार्ड जोडलाच जात नाही.

काही ठिकाणी यूडीपीच अडवतात. फोनचा हॉटस्पॉट लावून पाहा. नेहमी प्रवास असेल तर व्हीपीएसवर टीसीपी ४४३ वर फक्त कीने चालणारं एसएसएच हा दुसरा मार्ग तयार ठेवा. आणि निघण्याआधी आठवा, फायरवॉलवर "फक्त भारतातले पत्ते" असा नियम तुम्हीच लावला आहे का? दुबईत उतरल्यावर आठवून उपयोग नाही.

सगळं बंद आहे हे कसं तपासायचं?

बाहेर उभं राहून. ऑफिसच्या आतून केलेली तपासणी धरू नका. फोनच्या डेटावर लॅपटॉप जोडा आणि एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने आपलाच सार्वजनिक पत्ता, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही, सगळ्या पोर्टांसह तपासा. टीसीपीवर काही उघडं दिसता कामा नये. दर तीन महिन्यांनी आणि राउटर बदलल्यावर हमखास करा. कंपनीचा माणूस नवा राउटर बसवून गेला की जुन्या सेटिंग गेलेल्या असतात.

मी आजारी पडलो किंवा नोकरी सोडली तर?

एका लिफाफ्यात रूटचा पासवर्ड, रिकव्हरी की, आयपीएमआयचा पत्ता, बॅकअपची एन्क्रिप्शन की आणि हाताने काढलेला नेटवर्कचा नकाशा ठेवा. लिफाफा मोहोरबंद करून संस्थेच्या तिजोरीत, प्राचार्यांच्या ताब्यात. पासवर्ड बदलला की लिफाफा बदला आणि वर तारीख घाला. आमच्या लिफाफ्यावर आणखी एक ओळ आहे, वॉचमनकाकांच्या सांगण्यावरून लिहिलेली: सर्व्हरच्या खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे असते.